विश्लेषण : अभ्यासाला बसवणारे, मन शांत करणारे संगीत खरेच काम करते का? कोल्हापूरशी त्याचे नाते काय?

कोल्हापूरच्या राजारामपुरीत मुख्य रस्त्यावर दुकाने, दवाखाने आणि खासगी क्लासेस. आत क्रमांकाच्या गल्ल्यांमध्ये घरे आणि भाड्याच्या खोल्या. परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांच्या मोबाइलवर अशा ठिकाणी 'फोकस म्युझिक', 'स्टडी बीट्स', 'डीप स्लीप' हे शब्द आता सवयीचे झाले आहेत. इयरफोन लावायचे, तीन-चार तासांचा एखादा व्हिडीओ सुरू करायचा आणि पुस्तक उघडायचे, असा हा क्रम.

हे संगीत परदेशातून, अ‍ॅपमधून आले असे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात त्याची एक मुळी कोल्हापूर आणि मिरजेपर्यंत येते. त्याच्या परिणामांबद्दलचे काही दावे संशोधनात टिकले आहेत, काही अजिबात टिकलेले नाहीत. आणि त्यातून मिळणारा पैसा नेमका कोणाकडे जातो, हा वेगळाच प्रश्न आहे.

'फोकस म्युझिक' म्हणजे नेमके काय?

लक्ष देऊन ऐकण्यासाठी नव्हे, तर दुसरे काही करताना मागे चालू राहावे म्हणून रचलेले संगीत. त्यात सहसा शब्द नसतात. लय संथ किंवा अगदी एकसारखी असते. आवाज अचानक चढत नाही, ठळक मुखडा नसतो, चालही नसते. पावसाचा, लाटांचा किंवा पंख्यासारखा सलग आवाज असलेले ट्रॅकही याच गटात धरले जातात.

त्याचे ढोबळ तीन प्रकार पडतात. पहिला, 'अँबिएंट' म्हणजे लांबलचक, तरंगत राहणारे सूर. दुसरा, 'लो-फाय' म्हणजे मंद ठेक्यावरचे, थोडे जुनाट वाटावे असे मुद्दाम केलेले वाद्यसंगीत. 'लोफाय गर्ल' या यूट्यूब वाहिनीवरील अभ्यास करणाऱ्या मुलीचे चित्र अनेकांच्या ओळखीचे आहे. तिसरा, ऐकणाऱ्याच्या वेळेनुसार किंवा हालचालीनुसार संगणकाने त्या क्षणी तयार केलेले ध्वनी. बर्लिनच्या 'एंडेल' या अ‍ॅपने हा प्रकार लोकप्रिय केला. मे २०२३ मध्ये 'युनिव्हर्सल म्युझिक'सारख्या बलाढ्य कंपनीने त्यांच्याशी करार केला, यावरून या बाजारातील मोठ्या कंपन्यांचा रस लक्षात येतो.

या संगीताची सुरुवात कुठून झाली?

'मागे वाजणारे संगीत' ही कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. फ्रेंच संगीतकार एरिक साती यांनी १९१७ च्या सुमारास 'फर्निचर म्युझिक' ही कल्पना मांडली. खोलीत टेबल-खुर्ची असते तसे संगीतही असावे, कोणी त्याच्याकडे मुद्दाम पाहू नये, असा तिचा आशय. पुढे अमेरिकेत 'म्यूझॅक' कंपनीने कारखाने आणि कार्यालयांत कामाचा वेग टिकावा म्हणून १५-१५ मिनिटांचे संगीत पुरवण्याची पद्धत रूढ केली. म्हणजे एकाग्रतेसाठीचे संगीत हे सुरुवातीपासून कलेचे आणि धंद्याचेही अपत्य आहे.

आजच्या अर्थाने या प्रकाराला नाव आणि दिशा दिली ती ब्रिटिश संगीतकार ब्रायन ईनो यांनी. १९७५ मध्ये अपघातानंतर ते अंथरुणाला खिळले होते. मैत्रिणीने लावून दिलेल्या वीणेसारख्या हार्प या वाद्याच्या ध्वनिमुद्रिकेचा आवाज फारच कमी होता आणि बाहेर पाऊस पडत होता. उठून आवाज वाढवणे शक्य नव्हते. तेव्हा संगीत आणि पाऊस एकत्रच ऐकायचे असते, असे त्यांना जाणवले. १९७८ मध्ये त्यांचा 'म्युझिक फॉर एअरपोर्ट्स' हा अल्बम आला आणि 'अँबिएंट' हा शब्द रूढ झाला.

मग कोल्हापूरशी नाते कसे?

ईनो यांच्या आधीच्या पिढीत अमेरिकेतील ला मॉन्ट यंग आणि टेरी रायली या दोन संगीतकारांनी प्रयोग सुरू केले होते. तोच सूर खूप वेळ धरून ठेवायचा, तोच छोटा तुकडा पुन्हा पुन्हा वाजवायचा आणि ऐकणाऱ्याला त्यातले बारीक बदल जाणवू द्यायचे, अशी ही वाट. ला मॉन्ट यंग यांनी १९५० च्या दशकात उस्ताद अली अकबर खाँ यांच्या ध्वनिमुद्रिकेत तंबोरा ऐकला आणि त्या सलग नादाने ते भारले गेले. रायली यांची 'इन सी' ही रचना १९६४ ची. ईनो यांनी तरुणपणी यंग यांची रचना स्वतः सादर केली होती आणि त्यांचे ऋण ते मान्य करतात.

यंग आणि रायली हे दोघेही १९७० मध्ये पंडित प्राणनाथ यांचे शिष्य झाले. लाहोरमध्ये जन्मलेले प्राणनाथ किराणा घराण्याचे गायक. त्यांचे गुरू उस्ताद अब्दुल वहीद खाँ. हे वहीद खाँ लहान वयात उत्तरेतून कोल्हापुरात आले आणि येथे लंगडे हैदर बख्श खाँ यांच्याकडे शिकले. अतिशय संथ लयीत, एकेका सुरावर थांबत रागाची बढत करण्यासाठी वहीद खाँ ओळखले जातात. उस्ताद अमीर खाँ यांच्या अतिविलंबित गायकीवरही त्यांचाच प्रभाव मानला जातो.

याच घराण्याचे दुसरे आधारस्तंभ उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले. १९३७ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर दफन मिरजेतच झाले. म्हणजे कोल्हापूर-मिरज परिसरात रुजलेली सुराला सावकाश सामोरे जाण्याची शिस्त गुरुशिष्य परंपरेतून न्यूयॉर्कला पोहोचली. तेथील प्रयोगांत आधीच ठाण मांडलेल्या तंबोऱ्याच्या नादाला तिने रागाची बैठक दिली. आज मोबाइलवर वाजणाऱ्या संथ सुरांमागे हा एकमेव प्रवाह नाही, पण मोठा प्रवाह नक्कीच आहे.

येथे एक भेद लक्षात ठेवायला हवा. राजर्षी शाहू महाराजांच्या दरबारातील उस्ताद अल्लादिया खाँ यांच्यामुळे कोल्हापूर जयपूर-अत्रौली घराण्याचे गाव म्हणून प्रसिद्ध आहे. ती गायकी मात्र अनवट राग, गुंतागुंतीची लयकारी आणि पेचदार तानांची. ती कान टवकारून ऐकावी लागते. 'अभ्यास करताना मागे लावायला शास्त्रीय संगीत चांगले' हे सरसकट विधान म्हणूनच चुकीचे आहे.

तंबोऱ्यात असे काय आहे?

तंबोऱ्याच्या चार तारा क्रमाने छेडल्या जातात, पण ऐकू येतो तो एक सलग नाद. याचे कारण 'जवारी'. तारा ज्या घोडीवरून जातात ती सपाट नसून किंचित बाकदार असते. तार आणि घोडी यांच्यात सुताचा बारीक धागा सरकवून योग्य जागा शोधली की तार घोडीला हलकेच घासत कंप पावते. मूळ स्वराबरोबर वरचे अनेक उपस्वर एकामागून एक उमलतात. सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ मध्ये तंबोरा आणि वीणेच्या घोडीवर शोधनिबंध लिहिला. तार ज्या बिंदूवर छेडली तेथे जे उपस्वर नियमानुसार उमटू नयेत, तेही या वाद्यांत ऐकू येतात, असे त्यांनी दाखवले.

ऐकणाऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ असा की नाद थांबत नाही, दचकवत नाही, पण आतून सतत हलत राहतो. मेंदूला त्यात नवी बातमी मिळत नाही आणि कंटाळाही येत नाही.

हे वाद्य घडवण्याची परंपरा राजारामपुरीपासून साधारण पन्नास किलोमीटरवर, मिरजेत आहे. पंढरपूर परिसरातील भोपळ्यांपासून तेथे पिढ्यानपिढ्या तंबोरे आणि सतारी बनतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. मात्र १९७९ मध्ये बंगळूरुत इलेक्ट्रॉनिक तंबोरा तयार झाला, पुढे मोबाइल अ‍ॅप आले आणि रियाजासाठी खरा तंबोरा विकत घेण्याची गरज अनेकांना उरली नाही. ज्या नादावर जगभर अ‍ॅप उभी राहिली, तो नाद घडवणाऱ्या कारागिरांपुढे ही अडचण आहे.

असे संगीत रचतात कसे?

ईनो यांची एक पद्धत समजायला सोपी आहे. त्यांनी एकेक सूर वेगवेगळ्या लांबीच्या टेपवर घेतला. एक सूर सुमारे साडेतेवीस सेकंदांनी परत येई, दुसरा सुमारे सव्वीस, तिसरा सुमारे तीस सेकंदांनी. सर्व टेप एकदम सुरू केल्या की सुरांची जुळणी सतत बदलत राहते आणि पहिलीच जुळणी पुन्हा यायला फार वेळ लागतो.

तबला ऐकणाऱ्यांना हे गणित नवे नाही. ७ मात्रांचा रूपक आणि १० मात्रांचा झपताल एकाच वेळी सुरू केले, तर दोघांची सम ७० मात्रांनी एकत्र येते. ईनो यांनी आकडे असे निवडले की सम जवळजवळ येतच नाही. त्यामुळे ऐकणारा 'आता पुढे काय' याची वाट पाहणे सोडून देतो. हेच या रचनेचे मर्म आहे.

लय कमी करत नेणे ही दुसरी युक्ती. ब्रिटनमधील 'मार्कोनी युनियन' या गटाने २०११ मध्ये एका ध्वनिउपचारकाच्या मदतीने 'वेटलेस' हा आठ मिनिटांचा तुकडा केला. तो मिनिटाला ६० ठोक्यांपासून सुरू होऊन ५० च्या आसपास उतरतो. 'जगातील सर्वांत शांत करणारे गाणे' म्हणून तो व्हॉट्सअ‍ॅपवर आजही फिरतो. पण ज्या प्रयोगाच्या आधारे हा दावा झाला तो स्नानाच्या उत्पादनांच्या एका कंपनीने करून घेतला होता, हे त्या संदेशात नसते.

मन खरेच शांत होते का?

बऱ्याच अंशी होय, आणि याला चांगला आधार आहे. वैद्यकीय पुराव्यांचा आढावा घेणाऱ्या 'कॉक्रेन' संस्थेने निद्रानाशावर २०२२ मध्ये १३ चाचण्या आणि १,००७ प्रौढांची माहिती एकत्र तपासली. रोज संगीत ऐकणाऱ्यांना झोपेचा दर्जा सुधारल्याचे जाणवले आणि हा पुरावा मध्यम खात्रीचा आहे, असा निष्कर्ष निघाला. शस्त्रक्रियेआधीच्या चिंतेबाबत याच संस्थेने २०१३ मध्ये २६ चाचण्यांचा आढावा घेतला. संगीत ऐकवल्याने चिंता कमी होण्यास मदत होते, असे त्यात दिसले.

इटलीतील लुचानो बर्नार्डी आणि सहकाऱ्यांचा २००६ चा प्रयोग अधिक बोलका आहे. त्यांनी १२ संगीतकार आणि १२ सामान्य श्रोत्यांना भारतीय राग, पाश्चात्त्य अभिजात संगीत, रॅप, टेक्नो असे सहा प्रकार ऐकवून श्वास, नाडी आणि रक्तदाब मोजला. वेगवान संगीताने तिन्ही वाढले. प्रकार कोणता यापेक्षा लय किती, हे महत्त्वाचे ठरले. मध्येच दोन मिनिटांची शांतता ठेवली होती. शरीर सर्वाधिक सैल झाले ते त्या दोन मिनिटांत.

अभ्यासात एकाग्रता वाढते का?

येथे उत्तर सरळ नाही. १९९३ मध्ये 'नेचर' नियतकालिकात ३६ विद्यार्थ्यांवरील एक छोटा प्रयोग प्रसिद्ध झाला. मोझार्टची रचना दहा मिनिटे ऐकल्यावर आकृत्यांच्या चाचणीत गुण थोडे वाढले आणि परिणाम पंधरा मिनिटांच्या आत ओसरला. त्यातून 'मोझार्ट ऐका, हुशार व्हा' ही जगभर पसरलेली कल्पना निघाली. १९९८ मध्ये अमेरिकेतील जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी नवजात बाळांना सीडी देण्याचा प्रस्ताव मांडला. आपल्याकडे गर्भवतींसाठीच्या सीडींनाही या लाटेचा फायदा झाला. पुढे १९९९ आणि २०१० मधील एकत्रित विश्लेषणांत मोझार्टचा असा खास परिणाम आढळला नाही. आवडते काही ऐकल्याने मन प्रसन्न आणि जागे होते व त्यामुळे तात्पुरते काम बरे होते, एवढेच स्पष्टीकरण पुरेसे ठरले.

पाठांतराबाबत तर संगीत अडथळा ठरू शकते. ब्रिटनमध्ये २०११ च्या एका प्रयोगात क्रमाने अक्षरे लक्षात ठेवायला सांगितले होते. आवडते गाणे असो की नावडते, दोन्हींमुळे कामगिरी शांततेपेक्षा खालावली. पण एकच शब्द सतत ऐकवला तेव्हा ती शांततेइतकीच राहिली. म्हणजे व्यत्यय आणतो तो आवाजातील बदल. शब्द असलेली गाणी वाचनाला अधिक नडतात, कारण मेंदूचा तोच भाषेचा भाग दोन्हीकडे ओढला जातो.

ज्यांना मुळात लक्ष टिकवणे अवघड जाते त्यांच्यासाठी थोडे आशादायक निष्कर्ष आहेत. २०२४ मध्ये 'कम्युनिकेशन्स बायॉलॉजी'त आलेल्या अभ्यासानुसार, ठरावीक वेगाने थरथरणाऱ्या आवाजाच्या संगीताने अशा व्यक्तींना मदत झाली. मात्र या अभ्यासाचे प्रमुख लेखक तसेच संगीत विकणाऱ्या कंपनीशी संबंधित आहेत. स्वतंत्र संशोधकांनी तो पुन्हा करून पाहणे आवश्यक आहे.

'४३२ हर्ट्झ', 'बायनॉरल बीट्स' आणि राग-उपचाराचे दावे किती खरे?

'बायनॉरल बीट्स'मध्ये एका कानात समजा २०० आणि दुसऱ्या कानात २१० हर्ट्झचा सूर देतात. मेंदूला १० हर्ट्झचे स्पंदन भासते. हा भास खरा आहे आणि तो एकोणिसाव्या शतकापासून माहीत आहे. त्यामुळे मेंदूच्या लहरी त्याच वेगाला येतात, हा मात्र पुढचा दावा. २०२३ मध्ये १४ अभ्यासांचा आढावा घेतला गेला तेव्हा ५ अभ्यास त्याच्या बाजूने, ८ विरुद्ध आणि १ संमिश्र निघाला.

'४३२ हर्ट्झ ही निसर्गाची लहर' हा दावा तर हिंदुस्थानी संगीताच्या विद्यार्थ्याला चटकन खटकावा. आपल्याकडे षड्ज पक्का नसतोच. कोणी 'काळी एक'मध्ये गातो, कोणी 'पांढरी पाच'मध्ये. प्रत्येकजण आपल्या गळ्याप्रमाणे सा लावतो आणि बाकीचे स्वर त्याच्याशी असलेल्या नात्यावर ठरतात. तसे असताना एकाच आकड्यात शांती असती, तर बाकीच्या साऱ्या मैफली अस्वस्थ करणाऱ्या ठरल्या असत्या.

'मधुमेहावर अमुक राग, रक्तदाबावर तमुक राग' अशी कोष्टकेही मोबाइलवर फिरतात. एखादा राग सर्वांवर एकच औषधी परिणाम करतो, असे सिद्ध झालेले नाही. रागाचा प्रहर आणि भाव हे आपल्या सवयीने, संस्काराने घडलेले संकेत आहेत, आणि ते ऐकणाऱ्याला साथ देतात, हे खरे. प्रशिक्षित संगीतोपचारक रुग्णाला पाहून, मूळ उपचारांच्या जोडीला संगीत वापरतो. कोष्टक पाहून गोळ्या बंद करणे ही वेगळी आणि धोक्याची गोष्ट आहे.

पैसा कोणाला मिळतो?

'स्पॉटिफाय'वर एखादा ट्रॅक ३० सेकंद ऐकला की एक वेळ मोजली जाते. झोपताना रात्रभर चालू राहणाऱ्या छोट्या ट्रॅकची यादी म्हणजे मग मोजणीचे यंत्रच. २०२४ पासून कंपनीने नियम बदलले. वर्षाला किमान १,००० वेळा न ऐकल्या गेलेल्या ट्रॅकला मोबदला नाही. पाऊस-वाऱ्यासारख्या ध्वनींचा ट्रॅक किमान दोन मिनिटांचा हवा आणि त्याला संगीतापेक्षा कमी दर.

या प्रकारात ऐकणारा कलाकाराचे नाव पाहत नाही, हीच बाजाराची सोय झाली आहे. मार्च २०२४ मध्ये स्वीडनच्या 'डागेन्स न्यूहेटर' या दैनिकाने एका संगीतकाराने ६५० हून अधिक नावांनी सुमारे २,७०० ट्रॅक दिल्याचे आणि ते १५ अब्ज वेळा वाजल्याचे उघड केले. पत्रकार लिझ पेली यांनी २०२५ च्या 'मूड मशीन' या पुस्तकात अशा स्वस्त, निनावी ट्रॅकना तयार याद्यांमध्ये कसे स्थान मिळते, हे मांडले.

आता कृत्रिम बुद्धिमत्ता आली आहे. फ्रान्सच्या 'डीझर'ने दिलेल्या माहितीनुसार, जानेवारी २०२५ मध्ये त्यांच्याकडे रोज येणाऱ्या ट्रॅकपैकी सुमारे १० टक्के पूर्णपणे यंत्राने केलेले होते. नोव्हेंबरमध्ये हे प्रमाण ३४ टक्क्यांवर, म्हणजे रोज सुमारे ५० हजार ट्रॅकवर गेले. मुखडा नसलेले, शब्द नसलेले संगीत यंत्राला करायला सर्वांत सोपे, त्यामुळे पहिला फटका याच प्रकाराला बसतो.

स्थानिक संगीतकारांना वाव आहे का?

आहे, पण 'आणखी एक तीन तासांचा ट्रॅक' ही वाट चुकीची ठरेल. यूट्यूबवर जाहिरातींतून उत्पन्न मिळण्यासाठी १,००० सदस्य आणि बारा महिन्यांत ४,००० तासांचे दर्शन हा एक निकष आहे. त्यातच जुलै २०२५ पासून घाऊक, साचेबद्ध व्हिडीओंना उत्पन्न नाकारण्याचे धोरण अधिक स्पष्ट केले गेले. यंत्राशी संख्येची स्पर्धा कोणालाच परवडणारी नाही.

यंत्राकडे नाही ते या परिसराकडे आहे. जवारी लावलेला खरा मिरजेचा तंबोरा, संथ आलापी शिकलेले गळे, शिवाजी विद्यापीठाचा संगीत व नाट्यशास्त्र विभाग, १८८३ पासूनची देवल क्लबची परंपरा, राधानगरीचे जंगल आणि पंचगंगेचा घाट. कारागीर, गायक आणि ध्वनिमुद्रण करणारा यांची नावे देऊन केलेल्या कामाला ओळख मिळू शकते. रुग्णालये, अभ्यासिका, योगवर्ग यांच्यासाठी त्यांच्या जागेप्रमाणे संगीत रचून थेट मोबदला घेणे हाही मार्ग आहे.

हक्कांची बाजू ठाऊक असावी. राग कोणाच्या मालकीचा नसतो, पण त्यात केलेली नवी रचना आणि तिचे ध्वनिमुद्रण यांना स्वतंत्र संरक्षण असते. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्याने चित्रपट आणि ध्वनिमुद्रणांतील रचनांच्या वापरातून मिळणाऱ्या मानधनात संगीतकाराचा हक्क मान्य केला आहे. तो वसूल करण्यासाठी रचना संबंधित संस्थेकडे नोंदवावी लागते.

पण बाहेरच्या गोंगाटाचे काय?

राजारामपुरीत खरा प्रश्न येथे आहे. ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा, व्यापारी भागात ६५ आणि ५५. रुग्णालये, शाळा आणि न्यायालये यांच्याभोवती किमान १०० मीटरचे शांतता क्षेत्र धरले, तर तेथे ५० आणि ४०. राजारामपुरीत ही तिन्ही क्षेत्रे एकमेकांत मिसळलेली आहेत. गणेश चतुर्थीला येथील मंडळांच्या आगमन मिरवणुका ध्वनियंत्रणांमुळे दरवर्षी चर्चेत असतात. पण वर्षभराचे हॉर्न, जनरेटर आणि लाऊडस्पीकर यांचा हिशेब कोणी ठेवत नाही.

५५ आणि ८५ डेसिबल यांतला फरक आकड्यात ३० दिसतो, ध्वनीच्या ऊर्जेत तो १,००० पट असतो. तो झाकायला इयरफोनचा आवाज वाढवला की धोका कानाला. जागतिक आरोग्य संघटनेनुसार ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास सुरक्षित आहे. ९० डेसिबलला ही मुदत चार तासांवर येते. रोज आठ तास अभ्यास करणारा विद्यार्थी ती पहिल्या दिवशी दुपारच्या आधीच संपवतो. आणि इयरफोनमुळे झालेले ऐकण्याचे नुकसान बहुधा भरून येत नाही.

मग ऐकणाऱ्याने काय करावे?

पाठांतर आणि अवघड वाचन करताना शक्यतो शांतता ठेवावी. सराव गणिते, वही नीट करणे, आकृत्या काढणे अशा कामांना मंद, बिनशब्दांचे, एकसारखे संगीत चालेल. बाहेर अधूनमधून दचकवणारे आवाज असतील, तर तंबोऱ्याचा किंवा पावसाचा सलग नाद हलक्या आवाजात लावला तर ते झाकले जातात. समोरच्याने नेहमीच्या आवाजात मारलेली हाक ऐकू येत नसेल, तर आवाज जास्त आहे असे समजावे. तास-दीड तासाने इयरफोन काढून काही मिनिटे काहीही न ऐकता बसावे. झोपण्यापूर्वी ऐकायचे तर रोज तेच संथ संगीत ऐकावे आणि ते आपोआप बंद होईल अशी वेळ लावावी. 'मेंदू दुप्पट वेगवान' असा दावा करणाऱ्या अ‍ॅपला वर्षाची वर्गणी देण्याआधी आठवडाभर मोफत तंबोऱ्यावर अभ्यास करून पाहावा.

अभ्यासिका आणि क्लासेसनी खिडक्या-दारांच्या फटी बुजवणे, जाड पडदे लावणे असे साधे उपाय केले तर विद्यार्थ्यांना इयरफोनची गरजच कमी पडेल. रस्त्यावरच्या आवाजासाठी नियम पंचवीस वर्षांपासून आहेत. ते पाळले जातात का, हे मोजून दरमहा जाहीर करणे महापालिका, प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि पोलिसांच्या हातात आहे.